फुलसावंगीचे हेलिकॉप्टर

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचे गाव आहे. कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्या ह्या मुलखात लोखंडाच्या कामाला वाण नसते. कोणाच्या ट्रॉलीचा सांधा निखळलेला असतो, कोणाला फाटक करावयाचे असते, लग्नसराईत कपाटांना मागणी येते आणि उन्हाळा लागला की कुलर हवे असतात. अशा कामांवर पोट भरणाऱ्या एका तरुण कारागिराचे नाव 2021 सालच्या ऑगस्ट महिन्यात देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. त्याचे नाव शेख इस्माईल शेख इब्राहीम. गाव त्याला मुन्ना म्हणून ओळखी. वय अवघे 24 वर्षांचे, आणि शाळा आठवीत सुटलेली. घरी भावाचाही व्यवसाय वेल्डिंगचाच.

इस्माईलच्या हाताला लोखंड वश होते आणि जिज्ञासा तर कपाट-कुलरांपुरती थांबणारी नव्हती. ‘थ्री इडियट्स’ ह्या 2009 सालच्या चित्रपटातील यंत्रवेडा नायक त्याच्या मनात भरला होता. मोबाइलवर दिसणाऱ्या चित्रफिती हीच त्याची पाठशाळा झाली. मारुती 800 मोटारीचे इंजिन, लोखंडी पाइप आणि स्वतःचे वेल्डिंग एवढ्या सामग्रीवर एका माणसाला बसता येईल असे हेलिकॉप्टर करावयाचे त्याने ठरविले आणि सुमारे दोन वर्षे खपून ते उभेही केले. त्याला ‘मुन्ना हेलिकॉप्टर’ असे नाव दिले. येत्या स्वातंत्र्यदिनी ते लोकांना दाखवावे अशी त्याची मनीषा होती. 10 ऑगस्टच्या रात्री चाचणीसाठी तो आत बसला, इंजिन सुरू झाले, पाती फिरू लागली. तोच शेपटीकडील पंख्याचे पाते तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले, आणि त्या पंख्याचा तडाखा इस्माईलच्या डोक्याला बसला. त्यातच त्याचा अंत झाला. यंत्र जमिनीवरच होते.

ह्या बातमीवर दोन प्रकारचे उद्गार निघाले. कोणी त्याला ‘गावचा रँचो’ म्हणून मस्तकी धरले, कोणी ‘नसता उपद्व्याप’ म्हणून मान हलविली. ह्या दोन्ही उद्गारांत एक गोष्ट तशीच राहून गेली. ज्या हातांनी केलेले कपाट तीस वर्षे टिकावे, त्याच हातांनी केलेले पाते काही क्षणांत का तुटावे? हा प्रश्न इस्माईलच्या बुद्धीविषयी किंवा धाडसाविषयी नाही. तो फिरणाऱ्या वस्तूच्या स्वभावाविषयी आहे, आणि तो समजून घेण्यास शाळेतले गणित पुरते.

प्रथम हेलिकॉप्टर उडते कसे ते पाहू. जत्रेत मिळणारी भिंगरी सर्वांनी पाहिलेली आहे. काडी दोन्ही तळव्यांत फिरवून सोडली की ती वर जाते. तिची पाती किंचित तिरकी असल्यामुळे ती हवा खाली लोटतात, आणि लोटलेली हवा त्यांना वर लोटते. विमानाचा पंख हेच काम करतो. परंतु त्याला हवा मिळावी म्हणून सबंध विमानाला धावावे लागते. हेलिकॉप्टरमध्ये पंखच फिरतो, म्हणून त्याला जागच्या जागी उचल मिळते. हौशी कारागिराला हे यंत्र सोपे वाटण्याचे कारण हेच. धावपट्टी नको, लांब पंख नकोत. एक पंखा, एक इंजिन, आणि अंगणातून वर!

अडचणी ह्यापुढे सुरू होतात. हलक्या होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरते. त्याच न्यायाने इंजिन वरच्या पंख्याला एका दिशेने फिरवू लागले की पंखा यंत्राच्या धडाला उलट दिशेने फिरवू पाहतो. तो फेर थोपविण्यासाठी शेपटीच्या टोकाला लहानसा उभा पंखा बसवितात. तो हवा बाजूला लोटून धड सरळ धरून ठेवतो. पाहणाऱ्याचे लक्ष वरच्या मोठ्या पंख्याकडे असते, शेपटीचा पंखा त्याला शोभेची वस्तू वाटते; पण तो मोठ्या पंख्याच्या कितीतरी पट वेगाने फिरत असतो आणि त्याच्यावाचून हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखे गरगरू लागेल. फुलसावंगीस तुटले ते ह्याच पंख्याचे पाते.

आता ह्या पात्यावर काय ताण येतो त्याचा हिशेब करून पाहू. शेतातील पाखरे उडविणाऱ्या पोरालाही गोफणीचा अनुभव असतो. गोफण फिरवावी तसा दगड हाताला बाहेर ओढू लागतो, आणि वेग वाढवावा तशी ही ओढ फार झपाट्याने वाढते. वेग दुप्पट झाला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. शेपटीचा पंखा म्हणजे दोरी नसलेली गोफणच होय. समजा, अशा पंख्याचे पाते मध्यापासून टोकापर्यंत अर्धा मीटर लांब आहे आणि पंखा मिनिटाला 2500 फेरे घेत आहे. लहान हेलिकॉप्टरांच्या बाबतीत हे आकडे मुळीच अतिशयोक्तीचे नाहीत. त्या वेळी पात्याच्या टोकाला सोन्याच्या एका तोळ्याएवढे वजन असेल, तर त्याची बाहेर ओढ सुमारे 40 किलोंची होते. आणि पाव किलो वजनाचे संबंध पाते आपल्या मुळाशी असलेल्या सांध्याला चार क्विंटलांहून अधिक जोराने ओढीत असते. चार क्विंटल कापूस ज्याने तोलला आहे त्याला हा आकडा निराळा समजावून सांगावयास नको. पाते तराजूत पाव किलोच भरते; त्याचे खरे वजन फिरू लागल्यावर कळते.

ह्या हिशेबातच एक फसवा भाग आहे. अर्ध्या वेगाने पंखा चालवून पाहिला आणि तो निर्धास्त फिरला, तर ‘अर्धी परीक्षा उतरली’ असे कोणालाही वाटेल. वस्तुतः त्या वेळी सांध्यावर पुऱ्या ओढीचा चौथा भागच पडलेला असतो. परीक्षेचे तीन चतुर्थांश अद्याप व्हावयाचे असतात, आणि ते वेगाच्या शेवटच्या वाढीत एकदम समोर येतात.

दुसरी गोष्ट सांध्याची. कपाटाचा किंवा फाटकाचा सांधा एकदा जोडला की त्याच्यावर पडणारा भार बहुधा स्थिर असतो. फिरत्या पात्याच्या सांध्यावर भार सतत कमीअधिक होत असतो. प्रत्येक फेऱ्यात तो किंचित वाकतो, किंचित सरळ होतो. बाइंडिंगची तार हाताने एकदा वाकविली तर तुटत नाही. तीच दहा-पंधरा वेळा उलटसुलट वाकवा, तुटून हातात येते. धातूला असा थकवा येतो हे जर्मनीतील ऑगस्ट व्होलर ह्या इंजिनियराने 1850 नंतरच्या वर्षांत आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून दाखवून दिले. जे आस एका वेळच्या भाराला सहज पुरत, ते लक्षावधी वेळच्या लहान भाराने मोडत. मिनिटाला 2500 फेरे म्हणजे तासाला दीड लाख. आणि वेल्डिंगच्या सांध्यालगतची धातू तापून निवालेली असल्यामुळे तिचा पोत मूळ धातूहून निराळा झालेला असतो. सांध्याच्या कडेशी केसाएवढी खाच राहिली तरी भेगेचा आरंभ तिथूनच होतो. वरून सांधा कितीही सुबक दिसो, ही भेग डोळ्यांना दिसत नाही.

तिसरी गोष्ट संगीताच्या प्रांतातली आहे, आणि यंत्राच्या चर्चेत ती ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. सारंगीच्या किंवा सतारीच्या तरफा कोणी छेडीत नाही, तरी त्यांच्या स्वराचा सूर लागला की त्या आपोआप झंकारतात. प्रत्येक तारेला, प्रत्येक नळीला, प्रत्येक पत्र्याला स्वतःचा असा एक स्वर असतो, आणि बाहेरून तोच स्वर मिळाला की तिचे कंप वाढत जातात. ह्यालाच अनुनाद म्हणतात. मिनिटाला 2500 फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे 42 कंप; तंबोऱ्याच्या खर्जाहूनही खालचा घुमार. यंत्राच्या लांब पाइपाच्या शेपटीचा स्वतःचा स्वर नेमका तेवढाच असला, तर पंख्यातील तोळाभर असमतोलदेखील त्या शेपटीला तरफेच्या तारेसारखे नाचवील. जाणता यंत्रज्ञ इंजिन चढवीत असताना कान देऊन ऐकतो. कोणत्या वेगाला थरथर वाढते आणि कोणत्या वेगाला ती विरते ह्याची तो टाचणे ठेवतो.

स्वर म्हणजे कंपांची संख्या, ही दृष्टी महाराष्ट्रात नवी नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल हे पेशाने सरकारी अधिकारी, डेप्युटी कलेक्टर. परंतु गाण्यातील बावीस श्रुती कंपांच्या हिशेबात बसविण्याचा त्यांनी ध्यास घेतला, त्यासाठी अब्दुल करीम खाँ ह्यांच्या गळ्याचे साहाय्य मिळविले आणि 1910 मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले, ते होणारच. पण गाणाऱ्याचा गळा आणि मोजणाऱ्याची तार एकाच खोलीत आणणारी ती बैठक आजही हेवा वाटावा अशीच आहे.

हेलिकॉप्टरच्या इतिहासात तर संगीत आणि यंत्र ह्यांची गाठ दोनदा पडलेली दिसते. स्पेनमधील हुआन दे ला सिएर्वा ह्याने वर फिरता पंखा बसविलेले विमान केले. पण ते वारंवार एका अंगावर कलंडे. कारण पुढे जाताना एका बाजूचे पाते वाऱ्याला सामोरे जाते व त्याला उचल अधिक मिळते; दुसऱ्या बाजूचे वाऱ्याबरोबर मागे येते व त्याला ती कमी मिळते. नवलाची गोष्ट ही की, त्याचा लहान नमुना मात्र उत्तम उडे. नमुन्याची पाती लवचीक होती, मोठ्या यंत्राची ताठ होती, हे सिएर्वाच्या ध्यानी आले ते माद्रिदच्या ऑपेरागृहात गाणे ऐकत असता, असे सांगतात. पात्यांच्या मुळाशी बिजागऱ्या बसवून त्याने त्यांना वरखाली हलण्याची मोकळीक दिली, आणि 1923 मध्ये त्याचे विमान सरळ उडाले.

दुसरा प्रसंग इगोर सिकोर्स्की ह्याचा. फुलसावंगीच्या संदर्भात त्याचे चरित्र फार जवळचे वाटते. रशियाच्या तेव्हाच्या साम्राज्यातील कीव्ह शहरी 1889 मध्ये तो जन्मला. विसाव्या वर्षी, म्हणजे 1909 मध्ये, बहिणीकडून पैसे घेऊन तो पॅरिसला गेला, 25 अश्वशक्तीचे इंजिन विकत आणले आणि घरी हेलिकॉप्टर उभे केले. ते थरथरले, पण उडाले नाही. पुढल्या वर्षी दुसरे केले. ते स्वतःचे वजन कसेबसे उचली, माणसाचे नव्हे. येथे त्याने जे केले ते विसाव्या-एकविसाव्या वर्षी फार थोड्यांना सुचते. ह्या कामाला लागणारे इंजिन, लागणारी धातू आणि लागणारे ज्ञान आज आपल्यापाशी नाही असे ओळखून त्याने हेलिकॉप्टर बाजूस ठेवले, आणि तो विमानांकडे वळला. हे बाजूस ठेवणे तीस वर्षे चालले.

मधल्या काळात राज्यक्रांती झाली, देश सुटला, 1919 मध्ये तो अमेरिकेत पोहोचला. तेथे निर्वासित देशबंधूंच्या साहाय्याने 1923 मध्ये त्याने एक विमान बांधावयास घेतले. काम चालले होते न्यूयॉर्कजवळच्या एका कोंबड्यांच्या फार्मवर. पैसा संपत आला असता जगप्रसिद्ध पियानोवादक व संगीतरचनाकार सर्गेई रखमानिनॉव्ह तेथे आला. त्याने पाच हजार डॉलरांचे भाग घेतले, आणि कंपनीला पत यावी म्हणून तिचा उपाध्यक्ष होण्याचेही मान्य केले. संगीतकाराला विमानातले काय कळते, असे तेथे कोणी विचारले असेल तर त्याची नोंद नाही!

सिकोर्स्कीने पन्नाशीत पुन्हा हेलिकॉप्टर हाती घेतले. 14 सप्टेंबर 1939 रोजी त्याचे ‘व्हीएस-300’ जमिनीवरून उचलले गेले ते दोरखंडांनी बांधलेल्या स्थितीत, खाली वजने लटकावून आणि केवळ काही क्षण. यंत्राला दावणीतून सोडून पहिले मोकळे उड्डाण झाले ते 13 मे 1940 रोजी. इंजिन आरंभी 75 अश्वशक्तीचे होते. मारुती 800 च्या इंजिनाची शक्ती 40 च्या आतबाहेरची, हे लक्षात घेतले म्हणजे इस्माईलने स्वतःपुढे केवढे कोडे मांडले होते ह्याची कल्पना येईल. कमी शक्तीत वजन उचलावयाचे तर यंत्र हलके हवे; हलके करावे तर लोखंडी पाइप जड पडतात; आणि पाती हलकी करावीत तर त्यांचे सांधे नाजूक होतात. ह्या तिढ्यातून मोठमोठे कारखाने अनेक वर्षांनी बाहेर पडले आहेत.

ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की शिकल्यासवरल्यावाचून यंत्राला हातच लावू नये. तो निष्कर्ष महाराष्ट्राच्या इतिहासाशी जुळत नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत. त्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा आपल्याच खटपटीने सिद्ध केला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकावयास मुंबईस गेले, रंग नीट ओळखू येत नाहीत असे निघाले, तेव्हा यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. बेळगावचे सायकलचे दुकान, लोखंडी नांगर, मग 1910 मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी. एका छंदातून दुसऱ्यात सहज पाऊल टाकणारी ही माणसे इस्माईलच्याच कुळीतली. फरक पडतो तो चुकीच्या किमतीत. कॅमेरा बिघडला तर फिल्म वाया जाते, नांगर मोडला तर शेतकरी तो परत आणतो, कपाटाचे दार बसले नाही तर घासून बसविता येते. पाते तुटले म्हणजे मात्र दुसरी संधी मिळत नाही. ज्या कारागिराने जन्मभर क्षमाशील वस्तू केल्या, त्याला वस्तूंचा हा दुसरा वर्ग कोठून सुरू होतो हे कोणी तरी आधी दाखवावे लागते. मोबाइलच्या चित्रफितीत उडालेली यंत्रे दिसतात. त्यांच्या आधी मोडलेली पाती बहुधा दिसत नाहीत.

अशाच वेडाचे दुसरे उदाहरण मुंबईचे. कांदिवलीच्या चारकोप भागातील अमोल यादव ह्यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाच्या चाचणीचा परवाना मिळावयास 2019 उजाडले. ही वर्षे कागदपत्रांत गेली ह्याबद्दल त्या वेळी पुष्कळ हळहळ व्यक्त झाली, आणि ती अगदीच अस्थानी नव्हती. परंतु यादव स्वतः व्यवसायाने वैमानिक. कोणत्या दाराशी उभे राहावयाचे, कोणता प्रश्न कोणाला विचारावयाचा, हे त्यांना ठाऊक होते. आठवीत शाळा सुटलेल्या वेल्डरला ते दारच दिसत नाही. शाळांतून 2016 पासून ज्या अटल प्रयोगशाळा निघाल्या त्या सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी. शाळेबाहेर पडलेला मुलगा त्यांच्याही बाहेर पडतो. शाळा-कॉलेजाच्या बाहेरच्या कल्पक माणसांसाठी गुजरातेत राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान 2000 सालापासून काम करीत आहे, आणि ते मोलाचे आहे; पण महागावहून गुजरात दूर. तालुक्याच्या औद्योगिक शिक्षण संस्थेत आठवड्यातून एखादी सायंकाळ गावच्या कोणाही कारागिराला येऊन आपली वस्तू तेथील शिक्षकापुढे ठेवता आली, तर त्यास नवीन इमारत लागत नाही की नवा कायदा लागत नाही.

अशा सायंकाळी एखाद्याने पंखा आणून ठेवला, तर शिक्षक त्याला काय सांगेल? पाती तराजूत घालून तोळ्यामाशापर्यंत सारखी कर, आणि आसावर चढवून ती कोणत्याही बाजूला जड पडत नाहीत असे पाहा. सांध्याचा एक नमुना निराळा करून तो मोडेपर्यंत ताण. तो कितीला मोडला ते वहीत लिही. मग एकटा पंखाच, यंत्राला न जोडता, जमिनीत पक्क्या रोवलेल्या चौकटीवर बसव. भोवती वाळूच्या पोत्यांची छातीएवढी भिंत रच. पंखा ज्या पातळीत फिरतो त्या पातळीत मनुष्य, जनावर, काही असू देऊ नको. तुटलेले पाते त्याच रेषेत सुटते. इंजिनाचा वेग वाढवावयाचा तो पन्नास-साठ हात दूर बसून, लांब तारेने. सायकलच्या ब्रेकला असते तसलीच तार, लांबी मात्र मोठी. दिवसाउजेडी चालव, रात्री नव्हे. लागेल त्याहून थोड्या अधिक वेगाने तासन् तास चालव, उतरव, सांधे पुसून भिंगाखाली पाहा, पुन्हा चालव. एवढे सगळे होईपर्यंत आसनावर माणूस बसवावयाचा नाही. तेथे माणसाच्या वजनाचे पोते ठेवावयाचे.

‘व्हीएस-300’ ची पहिली दोन-अडीच वर्षेही अशीच गेली. त्यात सर्वांत अधिक बदल झाले ते शेपटीत. तेथे कधी एक पंखा होता, कधी तीन झाले, त्यांच्या जागा बदलल्या, काही काढले, पुन्हा दुसरे बसविले. अखेरीस 1941 च्या शेवटी शेपटीला एक उभा पंखा एवढेच उरले. 1943 मध्ये ते यंत्र अमेरिकेतील डिअरबॉर्न येथे हेन्री फोर्डच्या संग्रहालयास देण्यात आले. तेथे ते आजही पाहावयास मिळते, आणि उघड्या पाइपांची चौकट, पुढे एक आसन, वर पंखा, मागे पंखा असे त्याचे रूप पाहणाऱ्यास फुलसावंगीच्या अंगणातील यंत्राची आठवण झाल्यावाचून राहत नाही.